गावात ट्रॉली बनवताय? पासिंग आणि ब्रेकचं वेल्डिंगच्या आधी पाहा

ट्रॅक्टर घेताना शोरूमवाला नोंदणी, विमा, नंबर सगळं करून हातात देतो. ट्रॉलीचं तसं नसतं. ती बहुतेक वेळा तालुक्याच्या रस्त्यावरच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बनते. चॅनल, अँगल, पत्रा, कुठून तरी आणलेला एक्सल, आणि वर रंग. मिस्त्री म्हणतो, "पासिंगचं मंग पाहू, भाऊ. कापूस तर निंघू द्या." त्या 'मंग'ला पुढे दोन-चार वर्षं लागतात. मग कधी तरी बाजार समितीच्या वाटेवर कोणी गाडी अडवतं, किंवा त्याहून वाईट, अपघात होतो आणि विमा कंपनी ट्रॉलीचे कागद मागते.

हा लेख पहिल्यांदा ट्रॉली घेणाऱ्यासाठी किंवा बनवून घेणाऱ्यासाठी आहे. यवतमाळकडे कापूस, वरुड-मोर्शीकडे संत्रा, भंडारा-गोंदियाकडे धान, माल कोणताही असो, प्रश्न तेच आहेत. वाचताना एक क्रम डोक्यात ठेवा: आधी कागद, मग ब्रेक, मग डाला (माल भरायची पेटी) आणि रंग. दुकानात हा क्रम नेमका उलटा असतो.

कायद्याच्या नजरेत ट्रॉली हे वेगळं वाहन आहे

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून ती ट्रॅक्टरचं अवजार आहे असं आपण धरतो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे कलम ३९ तिलाही लागू: नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी किंवा इतर कुठल्याही जागी चालवायची नाही. ट्रॅक्टरचं आरसी बुक दाखवून ट्रॉलीचं भागत नाही.

अवजारांचं वेगळं. तीन पॉइंटवर उचललेला रोटाव्हेटर, वखर, पेरणी यंत्र यांना कोणी ट्रेलर म्हणत नाही. पण चाकांवर बसवलेलं पाण्याचं टँकर, जे उन्हाळ्यात गावोगाव फिरतं, ते ट्रेलरच. ते बनवून घेत असाल तर पुढचं सगळं त्यालाही लागू आहे.

"आम्ही तर शेतातल्या शेतातच वापरतो" हे उत्तर खूप ऐकू येतं. एक तर कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेबरोबर 'इतर कोणतीही जागा'ही आहे. शिवाय लोकांना जायचा-यायचा हक्क आहे अशी कोणतीही वाट कायद्याने सार्वजनिक जागा ठरते, डांबर असो वा नसो. पांदण रस्ता त्यातच आला. पांदण न ओलांडता वावरातून घरी येणारी ट्रॉली मी तरी आमच्या भागात पाहिली नाही.

आधी ठरवा: शेतीची की भाड्याची

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये कृषी ट्रेलरची व्याख्या आहे. साधारण उघडा, एक किंवा दोन एक्सलचा, कृषी ट्रॅक्टरला जोडलेला आणि मुख्यतः शेतमाल वाहणारा ट्रेलर. कृषी ट्रॅक्टर हे त्याच नियमांत परिवहनेतर वाहन, म्हणजे धंद्याचं नव्हे ते. आपली सोय या दोन ओळींवर उभी आहे: वाहतुकीचं परमिट नाही, दरवर्षी-दोन वर्षांनी फिटनेसची रांग नाही, नंबरप्लेट पांढरी.

त्याच ट्रॉलीतून विटा, मुरूम, गिट्टी भाड्याने टाकायला लागलात की ती सोय गेली. मग ट्रॅक्टर-ट्रॉली परिवहन वाहन म्हणून नोंदवायची, कर वेगळा, पिवळी प्लेट. फिटनेस वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. रेतीचं तर तिसरंच प्रकरण आहे. तिथे आरटीओच्या आधी तहसीलदार उभा असतो आणि वाहतूक पासशिवाय ट्रॅक्टर सरळ तहसीलच्या आवारात जातो.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षातले बरेच दिवस भाडं मारायचं असेल तर पहिल्या दिवशीच परिवहनमध्ये नोंदवा. शेतीच्या नोंदणीवर भाडं मारून वाचलेले पैसे एका अपघातात निघून जातात, कारण वापर वेगळा निघाला की विमा कंपनी हात वर करते.

मिस्त्रीला इसार देण्याआधी

बाजारात दोन प्रकारचे बनवणारे आहेत. एकाच्या मॉडेलला मंजुरी असते, सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत त्याचं नाव आणि मॉडेल दिसतं, तो चेसिस नंबर पंच करतो आणि कागद देतो. दुसऱ्याचा हात कदाचित जास्त चांगला असेल, वेल्डिंग एक नंबर असेल, पण कागद काही नाही. दुसऱ्याकडची ट्रॉली स्वस्त पडते. किती स्वस्त हे नंतर कळतं.

ओळखायचं कसं? "पासिंग होते का" असं विचारू नका, "होते" हेच उत्तर येणार. त्याऐवजी म्हणा, "याच मॉडेलची गेल्या काही महिन्यांत पास झालेली ट्रॉली दाखवा, मालकाचा फोन द्या." ज्याच्याकडे खरंच पास होतात तो लगेच दोन-तीन नावं सांगतो. मग त्या मालकाचं आरसी पाहा. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, वाहनाचा प्रकार, रिकामं वजन आणि भरलेलं वजन वाचा. जी ट्रॉली तुम्हाला दाखवली तिच्याशी हे जुळलं पाहिजे. कागद पाच टनी ट्रॉलीचा आणि डाला आठ टनी, असा प्रकार सर्रास चालतो. पुढे वजनकाट्यावर तोच अंगाशी येतो.

इसार पावतीवर लिहून घ्या की नोंदणीचे कागद दिल्यावरच शेवटची रक्कम मिळेल. गावात हे सांगायला संकोच वाटतो, मिस्त्री ओळखीचा असतो. तरी लिहून घ्या. लागणारे कागद असे: जीएसटीचं बिल, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला म्हणजे फॉर्म २२, आणि मॉडेल मंजुरीची प्रत. चेसिस नंबर या सगळ्यांवर एकच हवा आणि चॅनलवर पंच केलेला हवा. रंगाने लिहिलेला नको.

बनवणारा कुरकुर करू लागला तर त्याला कलम १८२ए ची आठवण द्या. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं. नियमांना धरून नसलेलं वाहन बनवणारा किंवा विकणारा असेल त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दर वाहनामागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो. तुमच्या कागदांत त्याचंही भलं आहे.

जुना एक्सल लावून देतो, स्वस्तात होईल, असं सांगणारे भेटतील. भंगारातल्या मेटॅडोरचा किंवा ट्रकचा एक्सल मजबूत असतो, यात खोटं काही नाही. पण त्याचे हब, बेअरिंग, स्टड किती झिजलेत हे रंगाखाली दिसत नाही. आणि दिसायला ड्रम असतो, आत शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) नसतात, असले तरी त्यांना ओढणारं काही जोडलेलं नसतं. ड्रम पाहून "ब्रेक आहे" असं समजू नका.

ब्रेक: इथे पैसे वाचवू नका

"ट्रॉलीले ब्रेक कायले पायजे? ट्रॅक्टरले हायेत ना दोन-दोन." हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. हिशेब करून पाहू. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. मागे दीड टनाची ट्रॉली, तिच्यात पाच टन सोयाबीन. म्हणजे मागून ढकलणारं वजन ट्रॅक्टरच्या तिपटीहून जास्त. आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. साडेआठ टन थांबवायला दोन टायर.

सपाटीवर हे निभावून जातं. उतारावर भरलेली बैलगाडी बैलांच्या मानेवर येते तशी ट्रॉली हुकावर येते. ट्रॅक्टर सरळ असेल तर तो नुसता ढकलला जातो, थोडा वळलेला असेल तर ट्रॉली त्याला बाजूने लोटते आणि दोघे घडी घातल्यासारखे मिटतात. ड्रायव्हर मध्ये सापडतो. मेळघाटात चिखलदऱ्याकडे जाणारा रस्ता कशाला, नाल्यावरच्या पुलाचा साधा उतारही यासाठी पुरतो.

वेगाचंही लक्षात घ्या. ताशी २० वरून ३० वर गेलात तर वेग दीडपट झाला, पण थांबवायची ताकद सव्वादोन पट लागते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं ही आपल्या भागातली जुनी खोड आहे. इंजिनचा ओढ हाच तिथला सर्वांत भरवशाचा ब्रेक असतो, तोच काढून टाकायचा? ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरने उतरा, आणि गिअर उताराच्या वर टाका, मध्यावर नाही.

नियम ९७ ट्रेलरच्या ब्रेकचा आहे. त्याचा गाभा असा: चारपर्यंत चाकं असतील तर निदान दोन चाकांना ब्रेक हवा, त्याहून जास्त असतील तर निम्म्या चाकांना, ट्रेलर ओढला जात असताना तो लावता आला पाहिजे, आणि ओढणाऱ्या वाहनाचं इंजिन बंद पडलं तरी तो निकामी होता कामा नये. जमिनीत चालणाऱ्या अवजारांना यातून सूट आहे. शेवटची अट नीट वाचा, कारण गावातला सगळ्यात लाडका जुगाड तिच्यावरच अडतो.

तो जुगाड म्हणजे ट्रॉली उलटवायच्या हायड्रॉलिकच्या लाइनमधून टी काढून ब्रेकच्या सिलिंडरला देणं. लिव्हर ओढली की चाकं धरतात, बघणारे खूश होतात. पण तो प्रेशर कमी-जास्त करता येत नाही. चाकं एकदम जाम होतात, ओल्या रस्त्यावर ट्रॉली घसरते. आणि इंजिन बंद पडलं की पंप बंद, पंप बंद की ब्रेक बंद. उतारावर इंजिन बंद पडतं तेव्हाच तर ब्रेकची गरज असते.

मग लावायचा कोणता? तीन पर्याय आहेत.

धक्का ब्रेक सर्वांत स्वस्त. दांड्यात सरकता भाग असतो. ट्रॉली पुढे ढकलू लागली की तो आत सरकतो, लिव्हर दाबली जाते आणि सळई किंवा वायर शू उघडते. ट्रॅक्टरशी काही जोडायचं नाही, म्हणून कोणत्याही ट्रॅक्टरला चालतो. तोटे दोन: रिव्हर्स घेताना तोच ब्रेक लागतो, म्हणून खिट्टी हवी आणि ती नंतर काढायची आठवण हवी. आणि दांड्यात माती-कचरा साचला, ग्रीस वाळलं, की तो सरकतच नाही. काळ्या मातीत हे एका पावसाळ्यात होतं. लहान ट्रॉली आणि सपाट भाग असेल तर हा पुरे.

दुसरा म्हणजे ट्रॅक्टरच्या पेडलबरोबर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक. बऱ्याच नव्या ट्रॅक्टरांना ट्रेलर ब्रेकसाठी वेगळा व्हॉल्व्ह कंपनीकडून मिळतो. पेडल जेवढं दाबाल तेवढाच ट्रॉलीचा ब्रेक लागतो. पाच टनांच्या ट्रॉलीला मी हाच सुचवीन. डीलरकडे विचारताना "ट्रेलर ब्रेक व्हॉल्व्ह" असंच म्हणा, "हायड्रॉलिक" एवढंच म्हटलं तर तो उलटवायच्या लाइनबद्दल बोलू लागतो. इंजिन बंद पडल्यावर तो कसा धरतो, वेगळा हँडब्रेक आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

तिसरा एअर ब्रेक. मोठ्या, सतत वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरांना हा योग्य. शेतकऱ्याला सहसा परवडत नाही आणि गरजही नसते.

कोणताही लावा, सोबत ट्रॉलीचा स्वतःचा हँडब्रेक हवा आणि चाकाखाली घालायला लाकडी गुटके हवेत. रस्त्यावरचा दगड नको. तो काढायचा राहतो आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर पडतो.

ट्रॅक्टरकडचंही एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. ब्रेकची डावी-उजवी पेडलं वावरात वेगळी ठेवतो, वळण घ्यायला. रस्त्यावर येताना ती पट्टीने जोडा. न जोडता घाईत एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि मागून ट्रॉली येतेच आहे. हुकाची उंचीही पाहा. दांडा एक्सलच्या वर जोडला तर चढावर पुढची चाकं उचलतात. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी दोर किंवा साखळी बांधून ओढणं म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटवायची तयारी. पिनला लॉक हवा आणि पिन निसटली तर धरून ठेवायला जाड साखळी हवी.

दोन चाकी ट्रॉली असेल तर माल थोडा पुढे भरा. मागे जास्त भरला तर दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो, आणि ज्या चाकांना ब्रेक आहे तीच हलकी होतात. पाण्याच्या टँकरला आत आडवे पत्रे बसवून घ्या. अर्धं भरलेलं टँकर ब्रेक लावल्यावर पाण्याच्या लाटेने पुन्हा पुढे ढकलतं, म्हणून ते पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त फसवं.

घ्यायच्या आधी तपासणी

दुकानाबाहेर एखादं मोकळं मैदान शोधा. चुन्याची रेघ ओढा. रिकामी ट्रॉली घेऊन हळू वेगात रेघेवर ब्रेक लावा, कुठे थांबली ते पाहा. मग अर्धी भरून, मग पूर्ण भरून. टायरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. एकाच बाजूला काळा पट्टा उमटला तर एक चाक जाम होतंय आणि दुसरं फिरतंय, म्हणजे जोरात ब्रेक लावला की ट्रॉली तिरकी जाणार. चार-पाच वेळा ब्रेक लावून झाल्यावर ड्रमजवळ हात न्या. एक गरम आणि एक थंड असेल तर ॲडजस्टमेंट करून घ्या. इंजिन बंद करून तेच पुन्हा, पण जवळजवळ चालण्याच्या वेगात. शेवटी थोड्या उतारावर हँडब्रेक लावून ट्रॅक्टर सोडून पाहा. गुटके जवळ ठेवूनच.

मिस्त्री कंटाळेल. त्याला चहा पाजा.

पावसाळ्यात नाल्यातून ट्रॉली काढली की ब्रेक ओला होतो, तो धरत नाही. पुढच्या सपाटीवर दोन-तीन वेळा हलका लावून वाळवा. लायनर वर्षातून एकदा उघडून पाहा, कापूस सुरू व्हायच्या आधी.

दिवे, रिफ्लेक्टर, नंबर

रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसं मरतात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी दहापैकी बऱ्याच ट्रॉल्या अंधारात काळ्या दिसतात. मागे दोन लाल रिफ्लेक्टर, एकेका कडेला, हे नियम १०४ मध्येच आहे. त्यावर समाधान न मानता फाळक्याच्या पूर्ण रुंदीला लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळी रिफ्लेक्टिव्ह पट्टी लावा. टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर सात पिनच्या सॉकेटने जोडून घ्या. वायर बांधून ठेवली की पहिल्याच वळणावर तुटते. कापसाची ट्रॉली फुगून फाळक्याच्या बाहेर येते, वरून ताडपत्री लोंबते आणि मागचे दिवे झाकले जातात. दिवे म्हणूनच खाली, चेसिसच्या आडव्या चॅनलवर बसवा. कापूस किती उंच रचायचा हे मालाच्या वजनावर नाही तर गावातल्या विजेच्या तारांवर ठरवा.

नंबराबद्दल कलम ६१ मधली गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर बाजूला लिहायचा आणि मागे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर. दोन ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली असेल तर मागची प्लेट बदलती ठेवावी लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायला लावली आहे. जुना ट्रॅक्टर असेल तर आरटीओच्या कामाला जायच्या आधी ती बसवून घ्या, नाहीतर त्यावरच काम अडतं.

आरटीओचा दिवस

आपापलं कार्यालय माहीत असेलच: अमरावती २७, बुलढाणा २८, यवतमाळ २९, अकोला ३०, वर्धा ३२, वाशीम ३७, नागपूर ग्रामीण ४०, आणि पूर्वेला गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४, गोंदिया ३५, भंडारा ३६. जिल्ह्याचं ठिकाण लांब असेल तर तालुक्याला आरटीओचं शिबिर कधी असतं ते आधी विचारा. सोयाबीनच्या दिवसांत जाऊ नका. तुम्हालाही वेळ नसतो आणि तिथेही गर्दी असते. उन्हाळ्यात, नांगरणी आटोपल्यावर, जा.

ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. अर्ज म्हणजे फॉर्म २०. सोबत फॉर्म २१, फॉर्म २२, विमा, पत्त्याचा पुरावा, बिल. कर्ज काढलं असेल तर बँकेच्या बोजाची नोंद फॉर्म ३४ ने. अर्ज आणि फी ऑनलाइन परिवहन संकेतस्थळावर भरता येते. ट्रॉली मात्र निरीक्षकासमोर उभी करावी लागते. तो चेसिस नंबर, मापं, ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टर पाहतो. चेसिस नंबरवर रंगाचा जाड थर असेल तर आदल्या दिवशीच खरडून साफ करा. एवढ्याशा गोष्टीसाठी लोकांना दुसरी चक्कर पडते.

एजंट लावायचा की नाही हा तुमचा प्रश्न. लावलात तरी सरकारी पावती स्वतःच्या हातात घ्या आणि अर्ज क्रमांक मोबाइलवर येतोय ना ते पाहा, म्हणजे अर्जात स्वतःचाच नंबर टाका.

विमा आणि लायसन

ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येत नाही. तिचा प्रीमियम वेगळा भरून पॉलिसीवर ट्रॉलीचा नंबर किंवा चेसिस नंबर चढवून घ्या. तो छापलेला दिसेपर्यंत एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

लायसनबद्दल दोन निकाल लक्षात ठेवा. ट्रॅक्टर चालवायचं लायसन ट्रॉली जोडल्याने निरुपयोगी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात २००१ मध्ये सांगितलं. आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं त्या वर्गातलं परिवहन वाहनही चालवू शकतो. पोराला मात्र लायसनशिवाय ट्रॅक्टरवर बसवू नका, ट्रॉली असो की नसो.

लग्नाची वरात, सोंगणीच्या बाया, यात्रेची माणसं ट्रॉलीत भरणं बंद होणार नाही हे मला दिसतं. पण ट्रॉली माल वाहायला नोंदवलेली असते. तिच्यातल्या माणसांची भरपाई विमा कंपनी नाकारते, मग ती मालकाच्या जमिनीतून जाते.

दंडाचे आकडेही ऐकून ठेवा. विनानोंदणी वाहनाला कलम १९२ मध्ये पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १०,००० पर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. विमा नसेल तर पहिल्यांदा २,०००. जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल आपल्या खर्चाने उतरवायचा. ट्रॅक्टरला समृद्धी महामार्गावर प्रवेशच नाही, हेही नव्या ड्रायव्हरला सांगून ठेवा.

आधीच बिनकागदाची ट्रॉली दारात असेल तर

हे सर्वांत अवघड. बनवणारा अजून धंद्यात असेल आणि त्याच्याकडे मॉडेल मंजुरी असेल तर आधी त्याच्याकडे जा. तो पाहून कागद देऊ शकतो का ते विचारा. दुसऱ्याच्या ट्रॉलीचे कागद किंवा नंबर आपल्या ट्रॉलीवर चढवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. ते फसवणुकीचं प्रकरण होतं. बनवणारा सापडत नसेल तर आरटीओत लेखी अर्ज देऊन नोंदणी शक्य आहे का ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत ती वावरात उभीच ठेवा. पुष्कळदा डाला आणि टायर विकून कागदाची ट्रॉली घेणं हिशेबात बसतं.

जुनी नोंदवलेली ट्रॉली विकत घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३० सही करून घ्या, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत. नाव चढवायला घेणाऱ्याला तीस दिवस असतात. नोंदणीला पंधरा वर्षं होत आली असतील तर फॉर्म २५ ने नूतनीकरण करावं लागेल, तेही किमतीत धरा. डाल्याची उंची नंतर वाढवली असेल तर आरसीशी जुळणार नाही. असा बदल मालकाने केला तर त्याचाही दंड कायद्यात आहे, दर बदलामागे ५,००० पर्यंत.

"नियम बदलला" असा मेसेज आला की

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतं की आता सगळ्या ट्रॉल्या बंद, आता अमुक ब्रेक सक्तीचा, आता तमुक यंत्र बसवा. घाबरून दुकानात धावू नका आणि थापा म्हणून सोडूनही देऊ नका. चार गोष्टी पाहा.

पहिली, तो मसुदा आहे की अंतिम अधिसूचना. मोटार वाहन नियम बदलण्याआधी सरकारला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. पहिल्या पानावर 'मसुदा' आणि हरकतींची मुदत लिहिलेली असेल तर तो अजून नियम नाही. उलट तुम्हाला हरकत पाठवायची संधी आहे, साध्या पोस्टाने किंवा ईमेलने. दुसरी, लागू व्हायची तारीख. ती अधिसूचनेच्या तारखेहून बरीच पुढची असू शकते. तिसरी, ती तारीख कशाला लावली आहे: त्या दिवशी किंवा त्यानंतर बनलेल्या वाहनांना, की रस्त्यावरच्या सगळ्यांना. बहुतेक तांत्रिक नियम उत्पादनाच्या तारखेवर चालतात, म्हणून फॉर्म २२ वरची तारीख खोटी किंवा कोरी नको. चौथी, नियम कृषी ट्रेलरला आहे की ट्रकच्या मागच्या मोठ्या ट्रेलरला. बातमीत दोघांनाही 'ट्रेलर'च म्हणतात.

मूळ अधिसूचना भारताच्या राजपत्राच्या संकेतस्थळावर मिळते, तिला जी.एस.आर. क्रमांक असतो. मेसेजमध्ये तो क्रमांक नसेल तर पाठवणाऱ्याला मागा. सेतू केंद्रातला किंवा कृषी सेवा केंद्रातला शिकलेला पोरगा पाच मिनिटांत शोधून देतो.

तरीही शंका राहिली तर आरटीओला एका कागदावर लिहून विचारा: माझी ट्रॉली या तारखेची, या मॉडेलची, या वजनाची, हा नवा नियम तिला लागू आहे का. अर्जाची पोच शिक्का मारून घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते मागा, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेलं उत्तर आरसी आणि पॉलिसीच्या झेरॉक्सबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. मूळ प्रती घरी, कपाटात.